दक्षिणेकडच्या गाड्या

तात्या मोठ्याने हसताना ऐकू आले की आम्ही समजायचो, हायवेवर मद्रासची गाडी थांबलेली आहे. घरात ते हसत नसत असं नाही. पण घरातलं त्यांचं हसणं म्हणजे मिशीखालून एक श्वास सुटल्यासारखं. धाब्यावरचं हसणं वेगळं. मांडीवर थाप मारून, समोरच्याच्या खांद्यावर हात टाकून ते हसायचे आणि तो आवाज मधलं कांद्याचं शेत ओलांडून आमच्या ओट्यापर्यंत यायचा. चांदवडला आमचं घर मुंबई-आग्रा हायवेपासून हाकेच्या अंतरावर होतं. मार्केटातला कांदा भरून तमिळनाडूकडे निघालेल्या गाड्या संध्याकाळी त्या धाब्यावर लागायच्या. आणि माझ्या आजोबांना, ज्यांना लहानथोर सगळेच तात्या म्हणायचे, त्या गाड्यांवरच्या ड्रायव्हरांशी त्यांच्या भाषेत बोलता यायचं.

उभ्या चांदवडमध्ये तमिळ येणारा दुसरा माणूस नव्हता. तात्यांनी ती शाळेत शिकली नव्हती, हौसेने तर नाहीच. तरुणपणी ते फौजेत भरती झाले तेव्हा घरच्यांना वाटलं होतं, आपल्याकडच्या पोरांच्या पलटणीत जाईल, सुट्टीला चौघांबरोबर येईल. पण ते ड्रायव्हर झाले, आणि ड्रायव्हरला जिथे गाडी तिथे जावं लागतं. त्यांची गाडी दक्षिणेकडच्या पलटणीला जोडलेली होती. बराकीत सगळे तमिळ बोलणारे, आणि त्यांच्यात हा एकटा चांदवडचा.

"पयला हिवाळा मी मुक्यानं काढला," ते सांगायचे. "हिंदी त्यांना येत नव्हती, मलाबी धड येत नव्हती. दिवसभर गाडीशी बोलायचो. मग एक दिवस गाडीबी बंद पडली. म्हटलं, आता शिकायलाच पायजे."

पहिला शब्द शिकले तो 'साप्टिया?' म्हणजे 'जेवलास का?' धाब्यावरही त्यांची सुरुवात तीच. ड्रायव्हर खाली उतरून पाठ ताणत असायचा, मार्केटात दिवसभर उभं राहून चेहरा धुळीने भरलेला, आणि धोतर-टोपीतला एक म्हातारा समोर येऊन त्याला त्याच्या भाषेत जेवलास का म्हणून विचारायचा. त्या माणसांचे चेहरे मी पाहिलेले आहेत. काही जण तर आधी मागे वळून बघायचे, नक्की बोललं कोण. तात्यांचा नियमच होता तो. "नाव-गाव मागून विचारावं. आधी पोटाचं विचारावं," म्हणायचे. ते ड्रायव्हर त्यांना 'तात्ता' म्हणत. आम्हाला वाटायचं, बिचाऱ्यांना 'तात्या' म्हणता येत नाही. फार पुढे कळलं की तमिळमध्ये आजोबांना तात्ताच म्हणतात. म्हणजे गावोगावचे ते अनोळखी लोक आमच्या आजोबांना आजोबाच म्हणत होते.

आजीला हे प्रकरण बरीच वर्षं पटलं नव्हतं. धाबा म्हटला की तिच्या डोळ्यांपुढे बाटली यायची. एकदा ती शेंगदाण्याची चटणी द्यायचं निमित्त करून स्वतःच तिकडे जाऊन आली. आली ती चुलीपुढे बसली. आईने विचारलं, "काय करत होते हो तात्या?"

"चहा पीत होते."

"आणि काय बोलत होते?"

"मला काय कळतंय त्यातलं? पण हात केवढे हलवीत होते, बाई! माझ्याशी बोलताना ह्यांचे हात कधी मांडीवरून उठले नायत." मग चूल सारखी करता करता म्हणाली, "जाऊ दे. तिथं बोलतात तर तिथं बोलू दे. कुठंतरी बोलू दे माणसाला."

त्यानंतर तिने त्यांना धाब्यावर जाताना कधी अडवलं नाही. उलट उशीर झाला तर तीच म्हणायची, "आज गाड्या नाय का आल्या?"

फौजेबद्दल तात्या मराठीत जवळजवळ काहीच बोलत नसत. एकाहत्तरच्या लढाईत ते होते एवढं आम्हाला माहीत होतं. एका पंधरा ऑगस्टला माझ्या शाळेने त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. हेडमास्तरांनी ओळख करून देताना तोफा, बंदुका, सीमेवरचं रक्त असं बरंच काही म्हटलं. मी पहिल्या रांगेत ताठ बसले होते. तात्या उठले, टोपी सारखी केली, म्हणाले, "मी गाडी चालवत होतो. गाडी चांगली होती." आणि खाली बसले. पोरं हसली. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवायला सांगितल्या. घरी येताना मी विचारलं, "तात्या, एवढंच का बोललात?" तर म्हणाले, "तेवढंच मराठीत येतं मला." मला तेव्हा तो विनोद वाटला होता.

मग हायवे मोठा झाला. चौपदरी रस्ता आला, पूल आला, आणि आमच्या समोरून जाणारी वाहतूक आमच्या डोक्यावरून जायला लागली. धाबेवाल्याने काही दिवस कळ काढली, मग पत्रे उतरवून तो पिंपळगावच्या बाजूला निघून गेला. तात्या तरी रोज संध्याकाळी चपला घालून जायचे. पुलाखालच्या छोट्या रस्त्यावर, जिथे आधी बाजा टाकलेल्या असायच्या, तिथे हात मागे बांधून उभे राहायचे. वर बघायचे. अंधार पडायच्या आत परत यायचे आणि ओट्यावर बसता बसता म्हणायचे, "वरून गेली."

"कोण?" आजी विचारायची.

"गाडी."

आजीला ठाऊक असायचं कोणती गाडी ते. तरी ती रोज विचारायची, कारण त्यानिमित्ताने दोन शब्द व्हायचे. ती गेल्यावर तेही राहिलं नाही. तात्या संध्याकाळी येऊन ओट्यावर बसायचे आणि 'वरून गेली' हे सांगायला कोणी नसायचं. आम्ही तोवर नाशिकला अंबडजवळ राहायला आलो होतो. बाबा तिथल्या कारखान्यात, पुढे मीही तिथेच दुसऱ्या एका कंपनीत क्वालिटीत लागले. बाबा दर रविवारी चांदवडला जाऊन त्यांना म्हणायचे, तात्या, चला. ते म्हणायचे, बघू. शेवटी गुडघ्यांनी ऐकायचं सोडलं तेव्हा आले.

फ्लॅटमध्ये त्यांना गॅलरीजवळची खोली दिली. आईने सगळं हौसेने दाखवलं. दवाखाना इथे, भाजी इथे, बाग पलीकडे, सगळं कसं जवळ. तात्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समदं जवळ हाय म्हणता, मग जायचं कुठं?" आई हसली. पण ते खरंच विचारत होते. गॅलरीतून दिसणारा रस्ता रिक्षांचा आणि कंपन्यांच्या बसचा होता. ते तिथे खुर्ची टाकून बसायचे. कोणी हाक मारली की 'हां' म्हणायचे. त्यांच्या बोलण्यातला एकेक शब्द रोज कमी होत होता, आणि आम्ही म्हणायचो, वय झालं.

एके दिवशी सकाळी ते चहाच्या कपाकडे हात नेताना खुर्चीतच एका बाजूला कलले. दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. चौथ्या-पाचव्या दिवशी ते बोलायला लागले तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. ते जे बोलत होते ते मराठी नव्हतं. जड जिभेने, अडखळत, पण एकामागून एक शब्द येत होते, आणि त्यातला एकही आमचा नव्हता. बाबांनी विचारलेलं त्यांना कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधी कधी. मेंदूला मार बसला की कोणती भाषा जाईल आणि कोणती राहील ते सांगता येत नाही."

घरी आणल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. तात्या दिवसभर तेच तेच म्हणायचे. मान वळवून मागे बघायचे, तिथे भिंतीला लागून कपाट होतं, आणि घाईघाईने, कळवळून काहीतरी सांगायचे. डावा हात सारखा समोर हवेत धरलेला. आई पाणी आणायची, ते नको. घोंगडी आणायची, नको. कपाटातलं काहीतरी हवंय असं वाटून आम्ही एकेक वस्तू काढून त्यांच्यापुढे धरली. कोट, मफलर, फौजेतली पदकं, आजीचा फोटो. ते त्या फोटोवरून नजर पलीकडे नेऊन पुन्हा मागेच बघायचे. मोबाइल त्यांच्या तोंडाशी धरून भाषांतर करून पाहिलं. लुळ्या जिभेचं बोलणं त्याला काय कळणार, त्याने कापूस, दरवाजा असं काहीबाही सांगितलं.

एका संध्याकाळी बाबांचा धीर सुटला. त्यांच्या पलंगाशी बसून, त्यांचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "तात्या, मराठीत बोला हो. एक शब्द बोला. मी सुरेश. तुमचा सुरेश." तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही, प्रेमाने नाही. परक्या माणसाने वाट विचारावी आणि आपल्याला ती माहीत नसावी, तेव्हा आपण पाहतो तसं, जरा ओशाळून. मग हळूच आपला हात सोडवून घेतला आणि पुन्हा समोर हवेत धरला. बाबा उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

आमच्या कंपनीत तमिळ बोलणारं कोणी नव्हतं. पण एमआयडीसीच्या कडेला, मालाच्या गाड्या जिथे नंबर लागायची वाट बघत उभ्या असतात, तिथून मी रोज जायचे. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी स्कूटी तिकडे वळवली आणि नंबर प्लेटा बघत फिरले. तमिळनाडूची एक गाडी सापडली. तिच्या सावलीला स्टोव्ह मांडून एक काळासावळा, चाळिशीचा माणूस भात शिजवत होता. मी हिंदीत विचारलं, "आपको तमिळ आती है?"

तो हसला. "और क्या आएगा मेरेको?"

त्याचं नाव सेल्वम. मी जमेल तसं सांगितलं. आजोबा, फौज, आजार, गेलेली भाषा. तो ऐकत होता. माझं बोलणं संपलं तसा त्याने स्टोव्ह बंद केला, भातावर झाकण ठेवलं, शेजारच्या गाडीवाल्याला काहीतरी ओरडून सांगितलं आणि मला म्हणाला, "चलो."

घरी आल्यावर त्याने चपला बाहेर काढल्या, मोरीत जाऊन हातपाय धुतले, आणि पलंगाजवळ वाकून म्हणाला, "तात्ता, साप्टींगळा?"

तात्यांची मान गर्रकन वळली. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा कोणाच्या तरी बोलण्याने वळले होते. मग ते बोलायला लागले. सेल्वम मध्येच काही विचारी, ते उत्तर देत नसत, तेच तेच पुन्हा म्हणत. तो कान अगदी जवळ नेऊन ऐकत होता. आई दारात पदर तोंडाशी धरून उभी, रात्रपाळीमुळे बाबाही घरीच. बऱ्याच वेळाने तो सरळ झाला आणि बाबांना म्हणाला, "साब, ये आप लोगसे बात नहीं करता है. ये गाडी चलाता है. पीछे आदमी पडा है, उसको चोट लगा है. उसको बोलता है, तूंगादे, तूंगादे. सोना नहीं. ऊरुक्कु पोगलाम. अपना गाँव जाएँगे."

आम्ही हवेत धरलेल्या त्या हाताकडे पाहिलं. तो स्टेअरिंगवर होता.

मला एकदम आमचे लहानपणचे प्रवास आठवले. सिन्नरला आत्याकडे जाताना जीपमध्ये आम्हा भावंडांचा डोळा लागला की तात्या हलवून उठवायचे. "झोपू नको. बोल कायतरी." आई चिडायची, पोरांना झोपू द्या की म्हणून. ते काही न बोलता आमच्याकडे बघत राहायचे, आमचे डोळे उघडे आहेत ना ते.

सेल्वमने एकदा मागच्या भिंतीकडे पाहिलं. मग तो पलंगाला वळसा घालून मागे गेला, कपाट आणि भिंत यांच्यामधल्या जागेत खाली फरशीवर बसला, आणि हलक्या आवाजात, दुखणाऱ्या माणसासारखं म्हणाला, "तूंगलै, अण्णे. तूंगलै."

तात्यांचे खांदे सैल पडले. चेहऱ्यावरची ओढ गेली. हात होता तिथेच राहिला, पण आता तो घट्ट नव्हता. सेल्वमने आम्हाला अर्थ सांगितला. तो म्हणाला होता, झोपलो नाही, दादा. जागा आहे.

जाण्याआधी बाबांनी त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि ते दोन शब्द शिकून घेतले. ओट्याशी उभं राहून माझे बाबा पुन्हा पुन्हा म्हणत होते, तूंगलै अण्णे, तूंगलै अण्णे, आणि सेल्वम मान हलवून सुधारत होता. बाबा आणि तात्या यांच्यात जन्मभर फार बोलणं झालं नव्हतं. पेरणी, पाऊस, पोरांची फी, बस. आता कामावरून आले की बाबा कपडे बदलून कपाटाच्या बाजूला खाली बसायचे. तात्या म्हणायचे, झोपू नको. बाबा म्हणायचे, झोपलो नाही, दादा. कितीतरी वेळ हे चालायचं. स्वतःच्या बापाला दादा म्हणत, कोणा दुसऱ्याच्या जखमा अंगावर घेऊन बाबा तिथे बसायचे. मुलगा म्हणून त्यांना त्या गाडीत जागा नव्हती. जी होती ती त्यांनी घेतली.

सेल्वमची गाडी नाशिकला आली की तो यायचा. दुसऱ्या खेपेला मी त्याला म्हटलं, त्या माणसाचं नाव विचारा ना, कुठला होता, पुढे काय झालं. त्याने विचारलं. तात्यांनी काहीतरी उत्तर दिलं आणि सेल्वम माझ्याकडे वळला. मग मला म्हणाला, "बोलते हैं, तू बात मत कर. साँस फूलेगा तेरा." त्यानंतर मी विचारायला सांगितलं नाही. तो माणूस वाचला की नाही, त्याचं नाव काय, हे सांगू शकेल असं आमच्या माहितीत आज कोणी नाही. आजीला ठाऊक होतं का? मला नाही वाटत. धाब्यावरच्या त्या शेकडो ड्रायव्हरांपैकी कोणाला तरी तात्यांनी सांगितलं असेल कदाचित. तो आता कुठल्या रस्त्यावर असेल कोण जाणे.

पावसाळा संपता संपता तात्यांचं खाणं सुटलं. तरी हात खाली येत नव्हता. झोपेतसुद्धा बोटं वळलेली असायची. त्या दिवशी बाबांची पहिली पाळी होती, म्हणून सकाळी कपाटाशी मी बसले होते. 'तूंगलै' मलाही आता बाबांसारखं म्हणता यायचं. तात्यांनी नेहमीचं काही म्हटलं नाही. खिडकीकडे बघत, अगदी स्पष्ट, दोनच शब्द म्हणाले, "ऊर वंदाच्चु." आणि डावा हात अलगद पांघरुणावर ठेवला. मला वाटलं, दमले. मी उठून त्यांच्या तोंडाशी चमच्याने पाणी धरलं. त्यांनी ते घेतलं, माझ्याकडे पाहिलंही. दुपारी बाबा घरी पोचायच्या आत ते गेले.

माजी सैनिकांपैकी दोघे आले, हार घातला, सलाम केला. चांदवडहून माणसं आली. आम्ही तात्यांना गावीच नेलं. पुलाखालून नेताना वरून गाड्या जात होत्या.

दहावं झाल्यावर मी सेल्वमला फोन केला. गाडीचा आवाज येत होता. मी सांगितल्यावर त्याने गाडी कडेला घेतली असावी, कारण आवाज थांबला. मग मी विचारलं, "वंदाच्चु मतलब क्या? ऊर वंदाच्चु, ऐसा बोले वो."

"आ गया," तो म्हणाला. "गाँव आ गया."

"कौनसा गाँव?"

"वो तो पता नहीं, मॅडम. ऊर बोलो तो अपना गाँव. जिसका जो."

मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. त्यानंतर बरेच दिवस गेले. अजूनही मधूनच, जेवता जेवता किंवा कामावर निघताना दारात थांबून, ते मला विचारतात, "चांदवडच म्हणाले असतील ना गं?"

मी हो म्हणते.